ख्रिसमसचं झाड आणि आपट्याची फांदी

माझं गाव नायगाव. असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे वसईजवळचं का?" नाही हो. वसईजवळचं नाही आणि सावित्रीबाईंचं साताऱ्यातलंही नाही. आमचं नायगाव नांदेड जिल्ह्यातलं, नांदेडहून देगलूरच्या रस्त्याला लागलं की मध्ये येतं ते. वसईकडे नाताळ जोरात असतो. आमच्याकडे लहानपणी नाताळ म्हणजे शाळेला एक दिवस सुट्टी, एवढाच त्याचा आणि माझा संबंध. त्यामुळे पस्तिशी ओलांडल्यावर एक दिवस मी अमेरिकेतल्या एका शेतात, कडाक्याच्या थंडीत पालथा पडून ख्रिसमसचं झाड कापत असेन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण झालं तसंच. गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. ऑनसाईटच्या निमित्ताने न्यू जर्सीत होतो. डिसेंबरचा पहिला शनिवार, प्रॉडक्शन शांत, हाताला काम नाही. टीममधला एकजण म्हणाला, "आम्ही झाड आणायला चाललोय, येतोस?" मला वाटलं दुकानात जायचं असेल. गाडी जाऊन थांबली ती थेट शेतात. आपल्याकडे तुरीच्या ओळी असतात तशा झाडांच्या ओळी, पार टेकडीपर्यंत. गेटवरच्या माणसाने आमच्या हातात धनुष्यासारखी वाकलेली एक करवत दिली आणि म्हणाला, "हवं ते निवडा, कापा आणि जाताना पैसे द्या."

झाड निवडणं हा तासाभराचा कार्यक्रम असतो. माळेगावच्या यात्रेत लोक बैल बघतात ना, चारी बाजूंनी फिरून, पाठीवर हात फिरवून, तसंच. स्प्रूसची पानं टोचतात आणि घरात लवकर गळतात. फरची पानं मऊ असतात आणि जास्त टिकतात. खोड सरळ हवं, नाहीतर स्टँडमध्ये झाड कलतं. एक बाजू विरळ असली तर चालते, ती भिंतीकडे करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरून निघतानाच छताची उंची मोजून यायचं. शेतात वर आभाळ असतं, त्यामुळे सगळीच झाडं लहान वाटतात. घरी नेल्यावर तेच झाड छताला टेकतं.

एकाने खाली पडून बुंध्याशी करवत चालवायची आणि दुसऱ्याने झाड किंचित पलीकडे झुकवून धरायचं, म्हणजे करवत अडकत नाही. माझ्या वाट्याला करवत आली. ताज्या लाकडाचा वास नाकात गेला आणि दोन-तीन मिनिटांत झाड आडवं झालं. मग एका यंत्रात घालून ते गदागदा हलवतात, म्हणजे वाळकी पानं पडून जातात. दुसऱ्या यंत्रातून ओढलं की ते जाळीत गुंडाळून बाहेर येतं. गाडीच्या टपावर बांधलं की झालं. घरी पोचल्यावर बुंध्याची पातळ चकती पुन्हा कापायची आणि लगेच पाण्यात उभं करायचं, नाहीतर कापलेल्या जागी डिंक धरून पाणी चढायचं थांबतं. पहिल्या दिवशी झाड चार-चार लिटर पाणी पितं.

माझं लक्ष मात्र मागे उरलेल्या बुंध्याकडे होतं. सवयीने कडी मोजली. नऊ भरली. म्हणजे मी नोकरीत जेमतेम स्थिरावत होतो तेव्हा कुणीतरी हे रोप लावलं, दर उन्हाळ्यात छाटून त्याला तो शंकूसारखा आकार दिला आणि नऊ वर्षांनी मी ते पाच मिनिटांत संपवलं. शेजारच्या ओळीत आदल्या वर्षीचे बुंधे होते आणि प्रत्येक बुंध्याच्या बाजूला वीतभर उंचीचं नवं रोप. कापलं की येत्या वसंतात शेजारी एक लावायचं, असा हिशेब.

संध्याकाळी फोटो घरी पाठवला. बाबांचा लगेच फोन. "तिथं जाऊन बी झाडच तोडू लालास व्हय रं?"

त्या "बी" ला अर्थ होता, आणि तो फक्त आम्हा दोघांनाच माहीत होता.

आमच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, ओढ्याच्या काठाला, एक आपटा होता. दसऱ्याला दुपारी गावातली पोरं तिकडे पळायची. आधी हाताला लागतील त्या डहाळ्या संपल्या. मग पोरं खांद्यावर चढायला लागली, मग झाडावर. मी दहावीत होतो त्या वर्षी खाली तोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून एकाने घरून कोयता आणला आणि शेंडाच खाली घेतला. तो शेंडा ओढत मारुतीच्या पारापर्यंत नेणाऱ्यांत मी होतो. पानं वाटली, मोठ्यांच्या पाया पडलो, "सोन्यासारखे राहा" असा आशीर्वाद घेतला. झाडाला पुढे फुटवे आले, ते शेळ्यांनी खाल्ले. दोन उन्हाळ्यांत झाड वाळलं आणि कुणाच्या तरी चुलीत गेलं. बाबा तेव्हा फार काही बोलले नव्हते. वीस वर्षांनी एका "बी" मध्ये सगळं बोलले.

असो. या फोननंतर मी जे वाचत सुटलो, त्यातून हा लेख.

ख्रिसमसच्या झाडाचा इतिहास शोधायला गेलं की पहिली गंमत ही दिसते, की त्याच्या सगळ्यात जुन्या नोंदी सणाच्या नाहीतच. त्या पहाऱ्याच्या आहेत. आल्सास हा आज फ्रान्समध्ये असलेला प्रांत. तिथल्या सेलेस्टा गावाच्या हिशेबवहीत १५२१ सालची एक नोंद आहे. सेंट थॉमसच्या दिवशी, म्हणजे २१ डिसेंबरला, झाडांची राखण केल्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग दिले, असं त्यात म्हटलंय. म्हणजे तोवर लोक सणासाठी जंगलातून इतकी झाडं नेत होते, की गावाला पगारी पहारा बसवावा लागला. १५५४ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराने सणासाठी झाडं तोडायला बंदी केली. १५६१ साली आल्सासमधल्याच आमेर्शविरने जरा व्यवहारी नियम केला, की एका नागरिकाने ख्रिसमसला एकच झाड घ्यावं आणि तेही आठ बुटांपेक्षा लांब नको. लांबी मोजायचं माप म्हणजे पायातला बूट! मला हा नियम फार आवडला. आजच्या भाषेत सांगायचं तर ही रेट लिमिटच झाली, प्रत्येक युजरला एकच रिक्वेस्ट आणि तिचाही साईझ ठरलेला.

घरात झाड सजवल्याचं स्पष्ट वर्णन यानंतरचं आहे. १६०५ मध्ये एका प्रवाशाने लिहून ठेवलंय, की स्ट्रासबुर्गमध्ये लोक बैठकीच्या खोलीत फरची झाडं उभी करतात आणि त्यांना कागदाचे गुलाब, सफरचंदं आणि गोड खाऊ टांगतात. तिथून ही प्रथा जर्मन घरांत मुरली. १८४८ साली एका लंडनच्या साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन नवरा आल्बर्ट आपल्या मुलांबरोबर झाडाभोवती उभे आहेत असं चित्र छापून आलं आणि इंग्लंडातल्या मध्यमवर्गाने ती चाल उचलली. दोन वर्षांनी तेच चित्र अमेरिकेतल्या मासिकात आलं. तिथे राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा काढून टाकल्या, म्हणजे ते एखादं अमेरिकन कुटुंब वाटावं. (फोटोशॉप नव्हतं म्हणून काही अडत नव्हतं!)

आता मागणी आली आणि मागणी आली की बाजार आलाच. १८५१ मध्ये मार्क कार नावाच्या माणसाने कॅट्सकिलच्या डोंगरातून दोन बैलगाड्या भरून झाडं न्यूयॉर्कला आणली. गाड्या म्हणजे चाकं नसलेल्या, बर्फावरून घसरणाऱ्या. बाजारातली थोडी जागा डॉलरभर भाड्याने घेतली आणि त्याची सगळी झाडं खपली. पुढच्या पन्नास वर्षांत हा मोठा धंदा झाला, पण झाडं येत होती ती जंगलातूनच. कुणी लावलेली नव्हती. विसावं शतक उजाडेपर्यंत वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली होती, की एका सणापायी डोंगर उघडे पडतायत. १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना व्हाईट हाऊसमध्ये कुटुंबाने झाड लावलंच नव्हतं. त्याच्या आठ वर्षांच्या मुलाने, आर्चीने, एका सुताराला हाताशी धरून कपाटात छोटंसं झाड सजवलं आणि सकाळी आईबापांना चकित केलं. रूझवेल्टने स्वतःच्या पत्रात हे कौतुकाने लिहिलंय. म्हणजे अध्यक्षाच्या घरातही पहारा टिकत नाही!

खरा बदल त्याच्या एक वर्ष आधी झाला होता, गाजावाजा न होता. १९०१ साली न्यू जर्सीत ट्रेंटनजवळ मॅकगॅलियर्ड नावाच्या शेतकऱ्याने आपल्या रानात नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपं लावली. अमेरिकेतली ख्रिसमस ट्रीची पहिली शेती म्हणून तिची नोंद केली जाते. विचार करा, धान्य नाही, फळ नाही, सात-आठ वर्षं एक पैसा हातात नाही, आणि हा माणूस सणासाठी कापायची झाडं पेरतोय. शेजाऱ्यांनी नक्की नावं ठेवली असणार. (आमच्याकडे तरी ठेवली असती.) पुढे फ्रँकलिन रूझवेल्टनेही हाईड पार्कच्या आपल्या जमिनीत ख्रिसमसची झाडं लावून विकली. १९४३ मध्ये त्यातलं एक चर्चिलला भेट पाठवलं. मतदानाला गेला की व्यवसायाच्या रकान्यात तो "झाडं लावणारा" असं सांगायचा. आज तिथल्या उत्पादक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे वर्षाला अडीच ते तीन कोटी खरी झाडं विकली जातात आणि त्यातली जवळपास सगळी शेतातली असतात. जंगलातली नाहीत.

म्हणजे सेलेस्टाच्या पहारेकऱ्यापासून ट्रेंटनच्या शेतकऱ्यापर्यंत ३८० वर्षं गेली. पहारा, बंदी, आठ बुटांचा नियम, सगळं करून झालं. जंगलावरचा भार हलका झाला तो कुणीतरी पेरायला लागल्यावर.

आता आपल्याकडे वळू.

दसऱ्याच्या सोन्याची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय. वरतंतूंचा शिष्य कौत्स, त्याची १४ कोटींची गुरुदक्षिणा, रघुराजाच्या धाकाने कुबेराने पाडलेला मोहरांचा पाऊस आणि तो पडला आपट्याच्या झाडावर. पण कालिदासाच्या रघुवंशात पाचव्या सर्गात ही गोष्ट आहे, तिथे सोनं पडतं ते राजाच्या कोषागारात. तिथे आपटा नाहीच! तो आपल्या लोककथेने आणलाय.

दसऱ्याचं मूळ झाड आहे शमी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ते. मराठीत याला सौंदडही म्हणतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये धर्मसिंधु लिहिला. त्यात विजयादशमीला सीमोल्लंघन करावं, शमीची पूजा करावी आणि शमी नसेल तर अश्मंतकाची करावी, असा विधी आहे. अश्मंतक म्हणजे आपला आपटा. म्हणजे आपटा हा शमीचा बॅकअप! शास्त्राच्या भाषेत असल्या बदलीच्या वस्तूला "प्रतिनिधी" म्हणतात. थंड देशांतली फर न मिळाल्याने वसई-गोव्याकडे सुरूच्या फांद्या किंवा कुंडीतला अरोकेरिया नाताळात उभा करतात, तोही असाच प्रतिनिधी.

आमचं नायगाव या दोन झाडांच्या सीमेवर आहे. तिथून देगलूर, बिलोली ओलांडलं की तेलंगणा. पलीकडे दसऱ्याला शमीचीच पानं सोनं म्हणून देतात. तिला ते "जम्मी" म्हणतात आणि २०१४ मध्ये राज्य झाल्यावर तेलंगणाने तिला राज्यवृक्ष केलं. हीच शमी राजस्थानात "खेजडी" होते. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावात राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्या मागे मिळून ३६३ बिश्नोई माणसांनी झाडांना मिठ्या मारून जीव दिला. चार शिलिंगांच्या पहाऱ्यापेक्षा हा पहारा कितीतरी महाग होता.

आणि आपण? शमी कमी पडली तेव्हा आपटा घेतला. शहरात आपटा कमी पडला तेव्हा आता कांचन घेतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्या-मुंबईत जे ढीग येतात, त्यातली बरीच पानं कांचनाची असतात. ओळखायला सोपं आहे. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं पान मोठं, पातळ आणि गुळगुळीत. प्रतिनिधीचा प्रतिनिधी! सोर्स आटला की आपण सोर्स बदलतो, सोर्स भरत मात्र नाही. ऑफिसात कुणी असं पॅचवर पॅच मारलं तर आपण कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालं काढतो.

यावर सोपा उपाय सांगितला जातो, की पानं घेऊच नका, हात जोडून शुभेच्छा द्या. मला तो पुरता पटत नाही. एक म्हणजे दादरच्या फुटपाथवर ठाणे-पालघरच्या पाड्यांवरून आलेल्या ज्या बाया आपट्याच्या जुड्या घेऊन रात्रभर बसतात, त्यांच्यासाठी ती सणाची कमाई असते. दुसरं म्हणजे लोक कुठलं झाड तेव्हाच सांभाळतात, जेव्हा त्याचं काहीतरी काम असतं. आपट्याच्या सालीचे पूर्वी दोर वळायचे, पानांच्या विड्या करायचे. ती कामं गेली. उद्या दसराही गेला, तर धुऱ्यावरचा आपटा ठेवायला शेतकऱ्याकडे कारणच उरणार नाही.

ख्रिसमसची शेती म्हणजे काही पुण्यकर्म नव्हे. एकाच जातीची झाडं, त्यावर फवारण्या, खतं हे सगळं तिथेही आहे. शिवाय अमेरिकेत बहुतेक घरांत आता प्लास्टिकचंच झाड असतं. पण त्यांच्यापेक्षा आपलं काम खरं म्हणजे किती सोपं आहे बघा. त्यांना सणासाठी आख्खं झाड मारावं लागतं. फर बुंध्यापासून कापली की ती पुन्हा फुटत नाही. आपल्याला पाहिजेत माणशी चार पानं. आपटा बेताने छाटला तर पुन्हा फुटतो, पुढच्या दसऱ्याला तयार. एकदा लावला की पन्नास वर्षं सोनं. तरीही नऊ वर्षं थांबून एकदाच मिळणारं पीक ते घेतात आणि दर वर्षी मिळणारं पीक आपल्याला घ्यावंसं वाटत नाही. आपलं क्रियापदच बघा ना, सोनं "लुटायचं". लूट नेहमी दुसऱ्याच्या मालाची असते. मोहिमेवर निघालेल्यांना ते शोभलं. पण मोहिमा संपून दोनशे वर्षं झाली आणि आपण अजून आपल्याच गावचं झाड लुटतोय.

त्या वर्षी परत आल्यावर मी बाबांना म्हणालो, "यंदा मृगात धुऱ्यावर दोन आपटे लावू."

बाबा म्हणाले, "दोन नको, पाच लाव. दोन शेळ्या खातील, एक उन्हाळा खाईल."

"म्हणजे दोनच राहतील की."

"मंग? दोनच पाहिजे होते ना तुला?"

रोपवाटिकेतून पाच रोपं आणली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. पहिल्या उन्हाळ्यात बाबांनी घागरीने पाणी घातलं. मी पुण्यात बसून फोनवर चौकशी केली, माझा वाटा तेवढाच. एक शेळीने खाल्लं, एक वाळलं. तीन उभी आहेत, कमरेइतकी. म्हणजे बाबांच्या हिशेबापेक्षा एक जास्तच.

परवाच्या दसऱ्याला गावी होतो. शेजारची दोन पोरं धुऱ्याकडे निघालेली दिसली. मी काही बोलायच्या आत बाबांनीच त्यांना हाक मारली आणि बरोबर घेऊन गेले. एकेका झाडाची थोडीथोडी पानं स्वतःच्या हाताने खुडून त्यांना दिली आणि म्हणाले, "फांदीला हात लावायचा न्हाई. पुढच्या साली या, जास्त देतो."

पोरं पळाली. बाबांनी उरलेलं एक पान माझ्या हातावर ठेवलं. मी पाया पडलो. ओढ्याकाठच्या त्या झाडाबद्दल तेही काही बोलले नाहीत, मीही नाही.